बाटणे आणि सुटणे : ‘स्मृतिचित्रे’ आणि पंडिता रमाबाईंची साक्ष

धर्मांतरासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांतला सर्वांत रोखठोक शब्द ‘बाटणे’ हा होय. ‘धर्मांतर’ हा शब्द घडवलेला आहे. त्यात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याची तटस्थ कल्पना आहे. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षासमारंभानंतर त्याला सामूहिक आणि राजकीय आशयाची जोड मिळाली. ‘बाटणे’ या शब्दाची जातकुळी निराळी आहे. भांडे बाटते, विहीर बाटते, पाणी बाटते आणि माणूसही बाटतो. बाटलेल्या माणसाला काय पटले, तो काय मानू लागला, याविषयी हा शब्द मौन पाळतो. त्याने कशाला स्पर्श केला आणि काय पोटात घातले एवढेच तो सांगतो. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा वसई-कोकणाकडे सांगितल्या जातात. त्यांची ऐतिहासिक सत्यता काहीही असो, श्रद्धेचा बदल पाण्यातून, अजाणता आणि इच्छेविरुद्धही घडू शकतो, हे या कथांचे गृहीतक आहे. व्यक्तीच्या संमतीला या शब्दाच्या अर्थात स्थानच नाही.

याच्या नेमके उलट टोक ख्रिस्ती मराठीच्या शब्दकळेत आढळते. तेथे ‘तारण’ आहे, ‘उद्धार’ आहे, ‘मुक्ती’ आहे. ‘तारण’ या शब्दाचा दुसरा, सावकारी व्यवहारातला अर्थ मराठी वाचकाच्या कानामागे सतत असतो : कर्जापोटी ठेवलेली हमीची वस्तू. दुसऱ्याने आपल्यासाठी मोल दिले आहे, या ख्रिस्ती कल्पनेशी हा योगायोगाने आलेला अर्थ विलक्षण जुळतो. सुटणारा मनुष्य कोणाकडे तरी गहाण पडलेला होता आणि सुटल्यावरही तो ऋणी राहतो, ही गुंतागुंत एकाच शब्दात सामावलेली आहे. ‘बाटणे’ आणि ‘तारण’ या दोन शब्दांच्या मधल्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मराठी ख्रिस्ती लेखकांना आपला आध्यात्मिक स्वातंत्र्याचा अनुभव मांडावा लागला. तो कोणत्या रूपात मांडता आला, हा केवळ धर्मेतिहासाचा प्रश्न नाही; तो शैलीचा आणि संहितेच्या घडणीचाही प्रश्न आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचण्याची आवश्यकता आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या आणि लक्ष्मीबाईंच्या निधनाच्या वर्षी, १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या या आत्मचरित्राला मराठी वाङ्मयात मानाचे पान मिळाले, याबद्दल दुमत नाही. ते कोणत्या अटीवर मिळाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. बोलीचा जिवंतपणा, निर्मळ विनोद, लहरी कवीबरोबरचा खडतर संसार, प्रांजळपणा ही या ग्रंथाच्या गौरवाची ठरलेली स्थाने. त्यांत वावगे काही नाही. परंतु या गौरवात ग्रंथाचा ख्रिस्तीपणा ही एक चरित्रात्मक माहिती होऊन बसते. नवरा ख्रिस्ती झाला हे बाईंवर कोसळलेले संकट ठरते आणि बाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या हा त्या संकटाचा गोड शेवट. पतीच्या मागून जाणारी पत्नी हे चित्र ज्या संस्कृतीला ओळखीचे आहे, तिने लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा प्रवासही त्याच चौकटीत बसवून घेतला. ख्रिस्ती होऊनही त्या पतिव्रताच राहिल्या, अशा काहीशा दिलाशाने हे पुस्तक आपलेसे केले गेले, असे म्हटल्यास ते फारसे कठोर ठरू नये.

ग्रंथ स्वतः काय सांगतो? नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधली पाच वर्षे या आत्मचरित्राचा कणा आहेत. त्यांतला मोठा काळ लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. त्यानंतर त्या टिळकांकडे आल्या, पण आल्या त्या ब्राह्मणी आचारासह. काही काळ त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळेच होते आणि टिळकांनीही ते वेगळे राहू दिले. म्हणजे ‘पतीच्या मागून’ जाण्याचा क्षण आला तेव्हा पत्नी पतीच्या घरात गेली, त्याच्या धर्मात गेली नाही. या दोन गोष्टींतले अंतर ग्रंथाने काळजीपूर्वक राखले आहे.

यानंतर येणारा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. बाईंच्या मनात एकांतात विचारांची खळबळ उडते : हे जातिभेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असतील तर त्यांची खूण शरीरावर कोठे आहे? उत्तर मिळाल्यावर त्या ठरवतात, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. हा निर्णय झाला तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. ख्रिस्तावरच्या श्रद्धेकडे त्या यानंतर वळल्या. प्रचलित धर्मांतरकथेत आधी सत्याचे दर्शन घडते आणि मग त्याचा परिणाम म्हणून जुन्या रूढी गळून पडतात. येथे क्रम उलटा आहे. जुने बंधन आधी सुटते, तेही कोणाच्या उपदेशाने नव्हे तर स्वतःच्या तर्काने. श्रद्धा त्यानंतर, मोकळ्या झालेल्या जागेत येते.

हा क्रम आकस्मिक मानता येत नाही. ज्या भाषेत धर्म बदलणे म्हणजे बाटणे, त्या भाषेत वाढलेल्या बाईला स्वातंत्र्याची लढाई सिद्धांताच्या पातळीवर सुरू करता येणे शक्यच नव्हते. ती पाण्याच्या तांब्यापाशीच सुरू व्हायला हवी होती. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतला की ‘बाटणे’ या क्रियेतला अजाणतेपणा संपतो. जे आपल्यावर घडते ते आपण करतो. हे व्याकरणातलेच परिवर्तन आहे, अकर्तृक क्रियेला कर्ता मिळण्याचे. त्या अर्थाने लक्ष्मीबाईंची मुक्ती त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीच अर्धी घडून गेलेली असते आणि बाप्तिस्म्याच्या वर्णनाला ग्रंथात फारसे नाट्य का नाही, याचा उलगडाही येथे होतो.

या दृष्टीने ग्रंथाचा आरंभ पाहिला म्हणजे त्याची संरचना लक्षात येते. आत्मचरित्र वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरू होते. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्याचा धक्का त्यांनी घेतला आणि शुद्धीच्या ध्यासाने त्यांना ग्रासले. बाजारातून आलेल्या जिनसाही धुऊन घेण्यापर्यंत हे वेड गेले आणि सारे घर त्यात भरडले गेले. हा भाग सामान्यतः विनोदाचा नमुना म्हणून वाचला जातो. परंतु सोवळ्याचे मूळ येथे शास्त्रात नाही, भीतीत आहे, हे लेखिकेने पहिल्याच पानांत सांगून टाकले आहे. बाहेरच्या सत्तेने घरातला एक माणूस मारला आणि घर स्पर्शापासून स्वतःला वाचवू लागले. शुद्धीच्या व्यवस्थेची इतकी मर्मभेदी मीमांसा त्या काळच्या सुधारकी निबंधांतही क्वचित सापडेल. आणि ती करणारी बाई तक्रार करीत नाही, हसते. ज्या बंधनातून माणूस पुरता सुटलेला नसतो त्यावर त्याला असे हसता येत नाही; तो त्यावर चिडतो किंवा त्याचे समर्थन करतो. ‘स्मृतिचित्रे’तील विनोद हा म्हणूनच स्वभावविशेष नाही, तो या ग्रंथातील आध्यात्मिक स्वातंत्र्याचा पुरावा आहे.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) शेजारी ठेवले म्हणजे फरक अधिक ठसतो. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाने आत्मचरित्राच्या नावातच काळोख आणि पहाट यांची विभागणी करून ठेवली आहे. तेथे निवेदक उजेडात उभा राहून अंधाराकडे पाहतो. लक्ष्मीबाईंचा विनोद असा एकदिशी नाही. तो सोवळ्यावर चालतो, तसाच टिळकांच्या अव्यवहारीपणावर, नवख्रिस्ती समाजातल्या विसंगतींवर आणि स्वतःच्या भाबडेपणावरही चालतो. नव्या घरालाही हसता येणे, ही ‘अरुणोदय’च्या निवेदकाला न परवडणारी चैन होती.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत सारेच वेगळे घडते. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यापुढच्या वर्षांत सिस्टर जेराल्डीन, डोरोथिया बील आणि इतर चर्चश्रेष्ठींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मराठी अभ्यासकांच्या हाती असूनही वाङ्मय म्हणून तो क्वचितच वाचला गेला आहे. तो इंग्रजीत आहे हे एक कारण. दुसरे असे, की पत्रांना आपल्याकडे साधन मानतात, संहिता मानीत नाहीत.

या पत्रांतल्या रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारतात, बायबलात आधार नसलेल्या मतांना केवळ चर्च सांगते म्हणून मान्यता देण्याचे नाकारतात, आणि मोठ्या कष्टाने भारतीय पुरोहितांचे जू मानेवरून उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे जू घेण्याची आपली तयारी नाही असे बजावतात. जुवाची ही प्रतिमा त्यांची स्वतःची नव्हे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ती वापरली आहे. ज्या ग्रंथाच्या बळावर त्यांना आज्ञापालन शिकवले जात होते त्याच ग्रंथातले शस्त्र त्यांनी शिकवणाऱ्यांवर उगारले. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, याचा निर्णय हिंदुस्थानातले बिशप करू लागले तेव्हाही त्यांची प्रतिक्रिया हीच होती. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये का असावा, संस्कृतात का नसावा, हा त्यांचा प्रश्न तर भाषेच्या अधिकाराचाच प्रश्न आहे.

याच पत्रव्यवहारात अन्नाचा एक वाद येतो आणि लक्ष्मीबाईंच्या संदर्भात तो उद्बोधक ठरतो. रमाबाई शाकाहारी होत्या, पुढेही राहिल्या. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंनी तो आरोप झुगारून दिला. पूर्वजांच्या निरुपद्रवी चालीरीती सोडल्याशिवाय ख्रिस्ती होता येत नाही, हे त्यांना मान्य नव्हते. लक्ष्मीबाईंनी अन्नपाण्याचे निर्बंध सोडून स्वातंत्र्य मिळवले, रमाबाईंनी अन्नाची रीत राखून ते मिळवले. परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या दोन कृतींचा अर्थ एकच आहे, तो असा की पानात काय वाढावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही. एकीला तो अधिकार मराठी घरात प्रस्थापित करायचा होता, दुसरीला इंग्रजी मठात. ज्या भाषेत आणि ज्या भिंतींच्या आत बंधन होते त्यानुसार सुटकेने आकार घेतला.

अलीकडच्या अभ्यासात या रमाबाईंना योग्य तो न्याय मिळाला आहे. गौरी विश्वनाथन यांच्या १९९८ च्या ‘आउटसाइड द फोल्ड’ या ग्रंथात धर्मांतराकडे मतभेदाची, प्रस्थापित सत्तेला अस्वस्थ करणारी कृती म्हणून पाहिले गेले. उमा चक्रवर्ती यांचे त्याच वर्षीचे पुस्तक रमाबाईंना जात, लिंगभाव आणि वसाहतवाद यांच्या छेदनबिंदूवर उभे करते. या मांडण्यांनी रमाबाईंना ‘बाटलेली पंडिता’ या हेटाळणीतून सोडवले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु मतभेदाच्या सूत्राने वाचताना एका रमाबाईंची बाजू नीट उजळते आणि दुसऱ्या रमाबाई सावलीत जातात. बिशपांशी वाद घालणारी विदुषी आधुनिक वाचकाला जवळची वाटते. १९०५ मध्ये केडगावला मुक्ती सदनात जो धार्मिक पुनरुज्जीवनाचा लोंढा उसळला, त्यात शेकडो मुलींबरोबर रडून प्रार्थना करणाऱ्या बाईचे काय करायचे, हे त्याला कळत नाही. मग तो भाग एक तर उतरणीचा म्हणून किंवा बाह्य प्रभावाचा म्हणून बाजूला सारला जातो.

रमाबाईंचे स्वतःचे म्हणणे यात अडसर आणते. १९०७ च्या साक्षीत त्यांनी आपल्या आयुष्याची दुभागणी १८८३ पाशी केलेली नाही. शास्त्रे शिकताना दोन गोष्टींवर सर्व ग्रंथांचे एकमत त्यांना आढळले होते : स्त्रिया, उच्च जातीच्या असोत वा नीच, वर्ग म्हणून वाईटच; आणि त्यांना पुरुषांप्रमाणे मोक्ष नाही. फुलहॅमला पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम आणि योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा यांनी त्यांना त्या एकमताच्या बाहेर नेले. आणि तरीही, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचत असताना त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. शरणागती त्यानंतरची आहे. म्हणजे शास्त्री, भटजी, सिस्टर, बिशप या साऱ्यांपासून सुटलेल्या बाईला आपण मोकळ्या झालो असे वाटले नाही. तिला आणखी कोणाचे तरी व्हायचे होते.

उदारमतवादी समीक्षेची अडचण येथे आहे. स्वातंत्र्य म्हणजे कोणाचेही नसणे, ही तिची धारणा. पौलापासून चालत आलेल्या ख्रिस्ती कल्पनेत मात्र मोकळा मनुष्य म्हणजे ख्रिस्ताचा दास. ‘तारण’ या मराठी शब्दातला ऋणाचा अर्थ हेच सांगतो. वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. दास्य ही तेथे भक्तीची उंच अवस्था आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. अखेरीस १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोहोंसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला. चर्चचे जू उतरवणे आणि देवाची चाकरी पत्करणे यांत त्यांना विसंगती जाणवली नाही. रमाबाईंनाही जाणवली नसावी. विसंगती दिसते ती स्वातंत्र्याची एकच व्याख्या हाती धरून बसलेल्या वाचकाला.

याचा अर्थ रमाबाईंच्या शरणागतीची चिकित्सा करू नये असा नव्हे. उलट ती त्यांच्या भाषेच्या अंगाने करता येते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्यांचे निधन होण्यापूर्वी ते पुरे झाले. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला समजावे म्हणून त्यांनी अत्यंत साधी भाषा योजली; त्याचबरोबर हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द कटाक्षाने टाळले. वस्तुतः मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा या बाबतीत सैल होती. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवी आहे, ‘वैकुंठ’ आहे. टिळकांनी आरंभिलेले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ नावापासूनच रामायणाशी नाते सांगते. हे लेखक शब्दांना बाटू देतात. रमाबाई शब्द धुऊन घेतात. ज्या संस्कृतवर त्यांची हुकमत होती तिच्यातला एकेक संशयास्पद शब्द पाखडून बाजूला काढताना त्यांच्यातल्या शास्त्रीबाईचे आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे काही नाते उरले होते की काय, अशी शंका येते. अन्नात, पोशाखात, आज्ञापालनात ज्या बाईने कोणाचे चालू दिले नाही, तिला शब्दांच्या बाबतीत एवढी भीती का वाटावी? एक उत्तर असे देता येईल, की त्या शब्दांनीच स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाकारल्याचे तिने मूळ ग्रंथांत वाचले होते; लक्ष्मीबाईंनी ते वाचले नव्हते. शास्त्रांची अधिकारवाणी जिला तोंडपाठ होती तिला ‘मोक्ष’ हा शब्द निरागसपणे उच्चारणे अवघड होते. आणि तरीही आपल्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हेच नाव दिले. हा एक शब्द त्यांना धुऊन टाकता आला नाही.

दोन्ही संहितांत एक जागा मात्र रिकामी आहे. लक्ष्मीबाईंनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरवले तेव्हा त्यांच्यासमोर पाणी देणारे हातही होते. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे वळलेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग होते. ब्राह्मण ख्रिस्ती होतो तेव्हा तो बाटतो. ज्याच्या स्पर्शाने इतर बाटतात त्याने बाटायचे कशाने? ‘बाटणे’ या शब्दाच्या अर्थविश्वात त्याच्या धर्मांतराची नोंद होऊ शकत नव्हती. त्याची सुटका सोडण्यातून होणारी नव्हती, कारण त्याच्यापाशी सोडण्याजोगे सोवळे नव्हतेच. ती जवळ येण्यातून, दाराच्या आत बसण्यातून, तांब्या दुसऱ्याच्या हाती देण्यातून होणारी होती. या दुसऱ्या प्रकारच्या मोकळेपणाचे आत्मचरित्र त्या पिढीत ‘स्मृतिचित्रे’च्या तोलाने लिहिले गेले नाही. ते मिशनच्या अहवालांत, इतरांच्या शब्दांत, आकड्यांच्या रूपाने उरले. पुढे १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना त्या सूचीबाहेर ठेवले; १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला तरी त्यांचा झाला नाही. धर्म बदलला की जात उरत नाही, असे कायद्याने गृहीत धरले. गावाने तसे कधी मानले नव्हते. लक्ष्मीबाईंच्या ओंजळीत पडलेल्या त्या पाण्याचे वर्णन मराठीत आहे, आणि ते अविस्मरणीय आहे. ते पाणी घालणाऱ्या हाताला त्या दिवशी काय वाटले, हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला अजून अहवालांच्या ओळींमधून शोधावे लागते.